नवजात बाळाच्या अंगावरील डाग आणि पुरळ : काय पाहावे, काय लावू नये

प्रश्न : माझे पहिले बाळंतपण माहेरी, यावल तालुक्यात झाले. मुलगी आज अकरा दिवसांची आहे. दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंगावर लाल चट्टे येत-जात होते, ते आता कमी झाले आहेत. कमरेखाली निळसर डाग आहे, मानेवर मागच्या बाजूला लाल डाग आहे, नाकावर पांढरे ठिपके आहेत आणि पायांची कातडी सुटते आहे. निळा डाग ग्रहणामुळे पडला असे आजी म्हणतात. आंघोळ घालणाऱ्या मावशी डाळीचे पीठ चोळून लव काढायला सांगतात. काय करावे आणि काय लावावे?

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या सगळ्या खुणा आम्हाला प्रसूतिकक्षात आणि बाह्यरुग्ण विभागात रोज दिसतात. वर्णनावरून तरी त्यांपैकी एकीलाही औषधाची गरज दिसत नाही. बाळ मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, म्हणून कोणती खूण कशी ओळखावी आणि कोठे सावध व्हावे हे थोडे विस्ताराने लिहितो. माझे मत मात्र आधीच सांगून ठेवतो : आपल्या भागात तान्ह्या बाळाच्या कातडीला इजा होते ती या खुणांमुळे क्वचितच, त्या घालवण्यासाठी किंवा बाळ ‘उजळण्यासाठी’ जे चोळले, लावले आणि शेकले जाते त्यामुळेच ती अधिक होते.

प्रथम लाल चट्ट्यांविषयी. पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्या बाळांना पहिल्या दोन-तीन दिवसांत असे चट्टे उठतात. मध्ये पिवळसर-पांढरी बारीक पुळी आणि भोवती लाल वर्तुळ असे त्यांचे रूप असते. ते चेहऱ्यावर, छातीवर, पाठीवर आणि मांड्यांवर येतात, तळहात-तळपाय बहुधा सोडतात, आणि सकाळी एका जागी दिसलेला चट्टा संध्याकाळी तेथे नसतो, दुसरीकडेच दिसतो. घरचे लोक डास चावले असे समजून धूर करतात किंवा आईने काही ‘उष्ण’ खाल्ले म्हणून तिच्या ताटातले पदार्थ कमी करतात. दोन्हींचा येथे संबंध नाही. डिस्चार्ज कार्डावर याची नोंद ‘इरिथेमा टॉक्सिकम’ अशी झालेली असेल. बाळ नीट दूध ओढत असेल आणि त्याला ताप नसेल, तर एक-दोन आठवड्यांत हे चट्टे मागमूस न ठेवता जातात. तुमच्या मुलीचे ते कमी होत आहेत, हे या समजुतीला धरूनच आहे.

नाकावरचे आणि गालांवरचे पांढरे ठिपके एक-दोन मिलिमीटरचे असतात. कातडीच्या वरच्या थरातील पदार्थ बारीक कोषात अडकून ते तयार होतात आणि काही आठवड्यांत आपोआप फुटून जातात. नखाने टोकरले तर तेथे जंतू शिरतात. पायांची कातडी सुटणे हे नऊ महिने पाण्यात राहिलेली कातडी कोरड्या हवेत आल्याचे लक्षण आहे. दिवस उलटून गेल्यावर जन्मलेल्या बाळांत ते जास्त दिसते. सुटलेले पापुद्रे ओढून काढू नयेत.

निळ्या डागावर थोडे थांबतो, कारण त्याचा त्रास बाळाला होत नाही, बाळाच्या आईला होतो. पोटात बाळाची वाढ होत असताना रंग तयार करणाऱ्या पेशी मज्जारज्जूच्या बाजूने निघून कातडीच्या वरच्या थरापर्यंत येतात. त्यांतील काही वाटेत, कातडीच्या खोल थरातच राहून जातात. खोलवर असलेला काळसर रंग वरून निळसर-राखाडी दिसतो. भारतीय बाळांमध्ये ही खूण इतकी सर्रास आढळते की ती नसली तरच नवल वाटावे. कमरेखाली आणि कुल्ल्यांवर ती बहुधा असतेच, कधी पाठीवर आणि खांद्यांवरही असते. शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बहुतेकांची फिकी पडते. ग्रहणाचा, आईने त्या वेळी भाजी चिरल्याचा, सुई हातात धरल्याचा किंवा झोपल्याचा या पेशींच्या प्रवासाशी काहीही संबंध नाही. बाळंतिणीला आधीच झोप मिळत नसते, टाके दुखत असतात, आणि त्यात ‘तूच पाळलं नाहीस’ हे ऐकून घ्यावे लागते. आजींना हे सांगायचे असेल तर वाद घालू नका. त्यांना शेजारपाजारची दोन-चार तान्ही बाळे लंगोट सोडून पाहायला सांगा. तोच डाग तेथेही दिसेल, आणि त्या सगळ्या बायकांनी काही ग्रहणात भाजी चिरलेली नसते.

या डागाबाबत दोनच गोष्टी पाहाव्यात. तो दाबला तरी दुखत नाही आणि त्याचा रंग रोज बदलत नाही. मुका मार लागल्याचा डाग मात्र दुखतो आणि काही दिवसांत हिरवा-पिवळा होत जातो. म्हणून घरी जाण्यापूर्वीच डागांची नोंद कार्डावर करून घेतलेली बरी असते. दुसरे म्हणजे, कमरेच्या मधोमध मणक्यावर खोल खळगा, केसांचा झुबका, मऊ गाठ किंवा लाल उठावदार डाग यांपैकी काही असेल, तर मणक्याची सोनोग्राफी करून घ्यावी. ती पहिल्या तीन-चार महिन्यांत सहज होते, कारण तोवर मणक्याची हाडे पुरती कठीण झालेली नसतात.

आता मानेवरचा लाल डाग. लाल डागांचे तीन प्रकार असतात आणि त्यांची गल्लत झाल्यास नुकसान होते, म्हणून हा भाग नीट वाचावा. पहिला प्रकार तुमच्या मुलीचा दिसतो : मानेच्या मागे, दोन्ही भुवयांच्या मध्ये किंवा पापण्यांवर फिकट गुलाबी सपाट डाग, जो बोटाने दाबल्यास क्षणभर पांढरा होतो आणि बाळ रडले की गडद दिसतो. कातडीतील बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असल्यामुळे तो दिसतो. पापण्यांवरचा डाग वर्ष-दोन वर्षांत जातो. मानेवरचा कधी कधी कायम राहतो, पण केसांखाली झाकला जातो.

दुसरा प्रकार याच्याशी मिळताजुळता दिसतो, पण वेगळा असतो. तो चेहऱ्याच्या एकाच बाजूला असतो, मध्यरेषेवर बहुधा थांबतो, रंगाने जांभळट लाल असतो आणि वयाबरोबर फिका न होता गडद व जाड होत जातो. असा डाग कपाळ आणि वरची पापणी व्यापत असेल, तर त्याच बाजूच्या डोळ्यात दाब वाढण्याची, म्हणजे काचबिंदूची, आणि पुढे फिट येण्याची शक्यता असते. अशा बाळाचे डोळे पहिल्या काही आठवड्यांतच तपासून घ्यावेत. ‘मोठेपणी जाईल’ म्हणून वाट पाहू नये. डागावर लेझरचे उपचार होतात, ते मोठ्या शहरांत मिळतात आणि लवकर सुरू केल्यास अधिक गुण येतो.

तिसरा प्रकार जन्मतः बहुधा दिसतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका किंवा फिकट चट्टा उमटतो, आणि पाहता पाहता तो उठावदार, गर्द लाल, मऊ गाठ होतो. ही रक्तवाहिन्यांची गाठ असून वैद्यकीय भाषेत तिला हिमँजिओमा म्हणतात. पहिल्या तीन ते पाच महिन्यांत ती झपाट्याने वाढते, मग स्थिरावते आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत बरीचशी बसते. पाठीवर किंवा दंडावर लहानशी असेल तर नुसती पाहत राहिली तरी चालते. परंतु डोळ्याजवळ, ओठावर, नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीच्या खाली किंवा लंगोटाच्या जागी असेल, फुटून जखम होत असेल, किंवा अंगावर अशा पाच वा अधिक गाठी असतील, तर बाळ महिन्याचे होण्याच्या आतच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. पाच किंवा अधिक असल्यास यकृताची सोनोग्राफी करतात. २००८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी, हृदयासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉल या जुन्याच औषधाने अशी गाठ ओसरल्याचे प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून हेच मुख्य औषध झाले. ते वाढीच्या काळात दिले तर उपयोगी पडते. त्याने नाडी मंदावू शकते आणि रक्तातील साखर उतरू शकते, त्यामुळे ते कोणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणून द्यायचे औषध नाही.

काळ्या-तपकिरी जन्मखुणांबद्दल थोडक्यात : एखादा लहान काळा डाग चिंतेचा नसतो. तळहातापेक्षा मोठा, केसाळ काळा डाग मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. दुधाच्या चहाच्या रंगाचे, पाच मिलिमीटरपेक्षा मोठे डाग सहा किंवा अधिक झाले तरीही दाखवावे.

आपल्याकडील उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच असतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि तरीही बाळाला टोपडे, झबले, पायमोजे आणि वर दुपट्यात घट्ट गुंडाळून आतल्या बंद खोलीत ठेवलेले आढळते. घामाची छिद्रे अजून कच्ची असतात, ती बुजतात, आणि कपाळावर, मानेत, काखेत दवबिंदूंसारखे पाणीदार किंवा लाल पुरळ, म्हणजे घामोळ्या येतात. त्यावर पावडर टाकली की ती घामात भिजून घड्यांमध्ये साठते, आणि टाकताना उडालेली बारीक भुकटी श्वासातून फुप्फुसात जाते. माझ्या मते नवजात बाळाच्या घरात पावडरीच्या डब्याला काहीच काम नाही. सुती, सैल एकच झबले पुरे, टोपडे काढून ठेवावे, खोलीत वारा खेळता ठेवावा. कूलर लावण्यास हरकत नाही, फक्त त्याचा झोत थेट बाळावर नको. याच्या उलट डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः धुळे-नंदुरबारकडे, रात्रीची थंडी चांगलीच झोंबते. तेव्हा कमी वजनाच्या बाळाला टोपडे-मोजे घालावेत आणि आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवावे.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गालांवर आणि कपाळावर लाल पुटकुळ्या येतील, तेव्हा दचकू नका. त्या काही आठवड्यांत जातात. तेथे तेल आणि दुधाची साय मात्र लावू नये, त्याने त्या वाढतात. याच दिवसांत मुलग्यांच्या आणि मुलींच्याही छातीवर गाठीसारखी सूज येते, कधी थेंबभर दूधही येते. आईच्या शरीरातील संप्रेरकांचा तो परिणाम आहे. काही सुईणी छाती दाबून ते दूध ‘काढतात’, त्यातून पू झालेली बाळे आमच्याकडे येतात. छातीला हातच लावू नये.

आता मावशींच्या डाळीच्या पिठाकडे वळतो. बाळाच्या अंगावरची लव काही आठवड्यांत आपोआप गळते, पीठ चोळले नाही तरी गळते. पिठाचे खरखरीत कण पातळ कातडीवर घासले की डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि जंतूंना वाट मिळते. केशर, हळद, दुधाची साय यांनी बाळाचा रंग बदलत नाही. रंग आईबापांकडून आलेला असतो आणि तो स्थिर व्हायला काही महिने लागतात. आंघोळीपुरते सांगायचे तर जन्मानंतर निदान २४ तास बाळाला आंघोळ घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि अंगावरचा पांढरा चिकट लेप पुसून काढू नये, कारण तो कातडीचे रक्षण करतो. नंतर नाळ पडेपर्यंत ओल्या मऊ फडक्याने पुसून घेणे पुरे. रोज आंघोळ घालायचीच असेल तर कोपराला कोमट लागेल असे पाणी, पाच-सात मिनिटे, आणि साबण फक्त मळलेल्या जागी, तोही सौम्य. पाय लांब करून पाटावर बसायचे, बाळाला नडग्यांवर पालथे घ्यायचे आणि वरून कढत पाण्याचे तांबे ओतायचे, ही मावशींची पद्धत मी अनेक घरांत पाहिली आहे. पायांवर घेणे चालेल, कढत पाणी चालणार नाही, आणि नाकात-कानात तेलाचे थेंब तर अजिबात नकोत, कारण नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो.

मालिशला माझा विरोध नाही. हलक्या हाताने, आईने किंवा आजीने केलेली मालिश बाळाला आवडते. खोबरेल घ्यावे. मोहरीचे तेल झोंबते आणि कातडीवर पुरळ आणते. ऑलिव्ह तेल महाग असूनही कातडीचे संरक्षण कमी करते. घरचे शेंगदाण्याचे तेलही स्वयंपाकालाच राहू द्यावे. उन्हाळ्यात तेल आंघोळीआधी लावून नीट धुऊन टाकावे, नाहीतर घामोळ्या वाढतात. हिवाळ्यात आंघोळीनंतर ओलसर अंगावर पातळ हात फिरवावा. आंघोळीनंतर ओवा, वेखंड आणि ऊद निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी देण्याची आणि बाजेखाली शेगडी ठेवण्याची प्रथा बंद करायला हवी. त्या धुराने छाती भरते आणि शेगडीने भाजल्याच्या घटना घडतात. काजळ डोळ्यांत घालू नये, त्यात शिसे असू शकते आणि बोटाबरोबर जंतू जातात. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर ती तळपायाला लावावी. आजीही खूश राहतात आणि डोळेही.

नाळेवर हळद, राख, शेण, तेल, काहीही लावू नये. लंगोट नाळेच्या खाली दुमडून ती उघडी आणि कोरडी ठेवली की पाच ते पंधरा दिवसांत पडते. आणि सातपुड्याच्या पायथ्याकडे अजून दिसणारी एक गोष्ट सांगणे भाग आहे. पोट फुगले, बाळ रडते, कावीळ झाली म्हणून बिब्ब्याने फुल्या काढतात किंवा तापल्या सळईने डागतात. एका पाड्यावरून आणलेल्या तान्ह्याच्या बेंबीभोवती बिब्ब्याच्या चार फुल्या होत्या. प्रत्येकीचा मध्य काळा, कडा लालभडक, आणि कडेवर पाणी भरलेले फोड. बिब्ब्याचा रस कातडी अक्षरशः जाळतो. पोट फुगले होते ते बाटलीच्या वरच्या दुधामुळे, आणि ते बंद केल्यावर दोन दिवसांत उतरले. फुल्यांच्या जखमा भरायला मात्र आठवडे लागले.

कपड्यांविषयी एकच पण महत्त्वाची सूचना. बाळाचे कपडे आणि दुपटी ज्या ट्रंकेतून काढता, तिच्यात डांबरगोळ्या असतील तर ते कपडे धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. डांबरगोळ्यांच्या संपर्काने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. लंगोटाच्या जागी लाली आली तर ओला लंगोट लगेच बदलणे, साध्या पाण्याने धुणे, काही वेळ उघडे ठेवणे आणि झिंक ऑक्साइडचे मलम लावणे एवढ्यावर ती जाते. जांघेच्या घड्यांतही गडद लाली असेल आणि कडेला सुटे ठिपके असतील तर ती बुरशी असते, तिला वेगळे मलम लागते. बाजारात मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावू नका.

कातडीचा पिवळेपणा दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ पाहावा. कपाळावर किंवा छातीवर बोट दाबून उचलले की खालचा रंग कळतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागलेली आणि आठवड्या-दोन आठवड्यांत उतरणारी कावीळ बहुधा साधी असते. पहिल्या २४ तासांत दिसलेली, तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेली, किंवा दोन आठवड्यांनंतरही राहिलेली कावीळ तपासून घ्यावी. तुमच्या मुलीला तीन दिवसांनी दोन आठवडे होतील, तेव्हा ती पिवळी दिसते का आणि तिच्या शीचा रंग पांढुरका आहे का हे पाहा. पांढुरकी शी आणि न उतरणारी कावीळ हे पित्तनलिका बंद असल्याचे लक्षण असू शकते, आणि त्याची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत व्हावी लागते. कोवळ्या उन्हात धरून कावीळ उतरत नाही. त्यासाठी रुग्णालयात निळ्या प्रकाशाखाली ठेवतात.

न थांबता रुग्णालय गाठण्याची लक्षणे अशी : पू भरलेले दहा किंवा अधिक फोड, किंवा एकच मोठे गळू, बेंबीभोवती पसरत जाणारी लाली, पाणी भरलेल्या फोडांचा पुंजका किंवा तळहात-तळपायांवरचे फोड, काचेचा ग्लास दाबून पाहिला तरी न पुसले जाणारे लाल-जांभळे ठिपके, जीभ आणि ओठ निळे पडणे, आणि यांपैकी काही नसले तरी दूध ओढणे मंदावणे, अंग गरम किंवा गार लागणे, बाळ सुस्त होणे. हातपाय थोडे निळसर आणि अंगावर जाळीसारखी नक्षी थंडीने दिसते, ती ऊब मिळताच जाते. जीभ निळी असणे मात्र वेगळे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. आजारी नवजात बाळांसाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे शासकीय विशेष कक्ष आहेत आणि तेथील उपचार मोफत होतात. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. चौदाव्या दिवसाच्या भेटीत मुलीचे सगळे कपडे काढून, उजेडात, पाठपोट त्यांना दाखवा.

एक खूण अजून यायची आहे. जन्माच्या वेळी डाव्या दंडावर बीसीजीची लस दिलेली असते. दोन-तीन आठवड्यांनी तेथे लहान गाठ येते, पाचव्या आठवड्याच्या सुमारास ती वाटाण्याएवढी होते, मग पिकते, थोडा पू येतो, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत बारीक व्रण ठेवून बरी होते. लस लागू पडल्याचे हे नेहमीचे रूप आहे. ती फोडू नये, शेकू नये, तिच्यावर मलम किंवा हळद लावू नये. काखेत मोठी गाठ आली तरच दाखवायला या.